आयएसपीतले राउटर-स्विच : नॉकमध्ये नवीन आलेली पोरं हमखास विचारतात ते प्रश्न

मी एका जिल्ह्यापुरत्या आयएसपीत (इंटरनेट देणाऱ्या कंपनीत) नॉकला, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कंट्रोल रूमला आहे, बारा वर्षं झाली. दरवर्षी दोन-तीन नवीन पोरं जॉईन होतात, सीसीएनए (सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा) केलेली असतात, सबनेटिंग तोंडपाठ असतं, आणि पहिल्या महिन्यात तेच तेच प्रश्न विचारतात. ग्रुपवर टाईप करून करून बोटं दुखली म्हणून एकदाचं लिहून टाकतोय. क्रमबिम काही नाही, जसं आठवलं तसं.

प्र. घरच्या वायफाय राउटरमध्ये आणि आपल्या बॉर्डर राउटरमध्ये फरक काय? दोन्ही पॅकेटच तर पुढं ढकलतात.

ढकलतात, पण घरच्या डब्याला एकच रस्ता माहीत असतो, काहीही आलं की आयएसपीच्या अंगावर टाक. आपण अपस्ट्रीमकडून (ज्या मोठ्या कंपनीकडून आपण नेट घेतो तिच्याकडून) फुल टेबल, म्हणजे जगभरच्या रस्त्यांची (रूटची) आख्खी यादी, घेतलं की बॉर्डरला, म्हणजे आपल्या बाहेरच्या टोकावरच्या राउटरला, आयपीव्ही४ चेच दहा लाखांच्या घरात रूट सांभाळावे लागतात, आणि दोन अपस्ट्रीम असतील तर दोघांनी सांगितलेले ऐकून त्यातला बरा निवडायचा. हे निवडणारं डोकं वेगळं असतं, ते सीपीयूवर चालतं, आणि पॅकेट ढकलणारे हात वेगळे, ते चिपमध्ये, टीकॅम नावाच्या महागड्या मेमरीच्या जोरावर. ही मेमरी मोजून मापून दिलेली असते. १२ ऑगस्ट २०१४ ला जगाचं टेबल ५१२ के (पाच लाखांवर रूट) च्या वर गेलं, आणि सिस्कोच्या ६५००, ७६०० सिरीजच्या जुन्या डब्यांमध्ये डिफॉल्ट वाटणी बरोबर तेवढीच होती. वरचे रूट चिपमध्ये मावेनात, तो ट्रॅफिक सीपीयूवर यायला लागला आणि सीपीयूनं मान टाकली, जगभर ठिकठिकाणी नेट रडायला लागलं. गंमत म्हणजे वाटणी बदलून एक रिबूट मारला असता तरी भागलं असतं, बघितलं नव्हतं कुणी एवढंच. म्हणून नवीन डबा घेताना सेल्सवाला पोर्ट किती जीचे ते सांगत बसेल, तुम्ही विचारा की एफआयबीत (चिपमधल्या रूटच्या यादीत) रूट किती मावतात, व्ही४ किती आणि व्ही६ किती. आणि छोट्या आयएसपीला फुल टेबल लागतंच असंही नाही, डिफॉल्ट रूट अधिक पिअरिंगचे (दुसऱ्या नेटवर्कशी थेट जोडणीचे) रूट एवढ्यावर आम्ही कित्येक वर्षं मजेत काढली.

प्र. स्विच कुठपर्यंत आणि राउटर कुठून?

ग्राहकाच्या घरातला ओएनटी (फायबरचा डबा), तिथून स्प्लिटरमार्गे गावातल्या पॉपवरचा (आपले डबे ठेवलेल्या जागेवरचा) ओएलटी, ज्यात सगळ्या घरांचे फायबर येतात, ओएलटीचा अपलिंक ॲग्रिगेशन स्विचला, स्विचांची रिंग फिरत फिरत तालुक्यापर्यंत, मग बीएनजी, जिथं पीपीपीओई (ग्राहकाचं लॉगिन) डायल होतं आणि रेडियसला (खाती तपासणाऱ्या सर्व्हरला) विचारलं जातं की बाबा ह्याचा पॅक चालू आहे का, मग कोअर, मग बॉर्डर, आणि पुढं अपस्ट्रीम नाहीतर मुंबईच्या एक्सचेंजला, जिथं नेटवर्क एकमेकांना जोडतात. ओएलटीपासून बीएनजीपर्यंत सगळं लेअर टू, म्हणजे मॅक पत्त्यावर चालणारं स्विचचं राज्य, बीएनजीपासून पुढं राउटर. हे लेअर टू जितकं लांब तितकी रात्रीची झोप कमी, का ते खाली लूपच्या प्रश्नात कळेल.

प्र. खोक्यातून नवीन स्विच काढला, पहिल्या दिवशी काय काय करायचं?

खोकं फोडायच्या आधीचं काम म्हणजे परचेसवाल्याला विचारायचं की हे मॉडेल ट्रस्टेड सोर्सच्या (सरकारनं मान्य केलेल्या पुरवठादारांच्या) भानगडीत बसतं ना, १५ जून २०२१ पासून लायसन्सवाल्यांना ते बंधनकारक आहे आणि आपण स्वस्तात मिळाला म्हणून आणला असं तिथं चालत नाही.

मग नाव. 'स्विच' नावाचे अकरा स्विच असलेलं नेटवर्क मी बघितलंय, देव करो तुम्हाला बघायला न मिळो. गावाचा शॉर्टफॉर्म, पॉप नंबर, डब्याचा प्रकार, एवढं नावात पाहिजे. टेलनेट (उघडं रिमोट लॉगिन) बंद, एसएसएच (कुलूपबंद रिमोट लॉगिन) चालू, प्रत्येकाचं वेगळं लॉगिन टॅकॅक्सवरून (आपल्या लोकांची लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवरून), आणि टॅकॅक्सच मेला तर वापरायला एक लोकल युजर ज्याचा पासवर्ड बंद पाकिटात. मॅनेजमेंट आयपी पब्लिक नको, आणि एसएसएचला एसीएल (कुणाला आत सोडायचं त्याची यादी) लावायचाच, नाहीतर लॉगमध्ये जगभरचे पाहुणे दिसतील. एसएनएमपीची (डब्यावर लांबून नजर ठेवायच्या पद्धतीची) कम्युनिटी, म्हणजे एका अर्थी पासवर्डच, 'पब्लिक' ठेवणाऱ्याला मी आठवडाभर चहा आणायला लावतो. न वापरलेले पोर्ट शटडाऊन. वापरलेल्या प्रत्येक पोर्टला डिस्क्रिप्शन, त्यात कुठल्या गावाला जातो, फायबरचा कितवा कोअर, समोर कुठला डबा कुठला पोर्ट. ही डिस्क्रिप्शन आज कंटाळवाणी वाटते, पण रात्री फोनवरून लाईनमनला "निळ्या ट्यूबमधला हिरवा कोअर बघ" असं सांगता येतं ते तिच्यामुळे.

आणि एनटीपी, म्हणजे नेटवरून घड्याळं जुळवणं. पोरं हा शेवटी करतात किंवा करतच नाहीत. सर्ट-इन ह्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या टाईम सर्व्हरला, नाहीतर त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरला मिळवलेली पाहिजेत आणि लॉग १८० दिवस ठेवायचेत. कायदा सोडा, घड्याळं जुळली नसतील तर लॉग वाचूनच कळत नाही की आधी लिंक गेली का आधी बीजीपी (नेटवर्कांनी एकमेकांना रूट सांगायची पद्धत) पडलं. टाईमझोन सगळीकडे एकच, साडेपाच तास पुढं. एक डबा यूटीसीत आणि एक आयएसटीत असेल तर दोन तास डोकं खाजवून मग ट्यूब पेटते.

प्र. लांबच्या पॉपवरच्या डब्यावर काम करताना आपण स्वतःच बाहेर पडलो तर?

पडणारच. परत आत कसं यायचं ते आधी ठरवलंय का, एवढाच प्रश्न आहे.

माझंच सांगतो. नोकरीचं दुसरं वर्ष. ॲग्रिगेशन स्विचच्या ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या लिंकवर) एक नवीन व्हीलॅन, म्हणजे त्याच तारेवरचं एक वेगळं आभासी नेटवर्क, सोडायचा होता, ३१२ नंबरचा. कमांड आहे 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ३१२'. मी 'ॲड' विसरलो. 'ॲड' नसला की स्विच समजतो आता ह्या ट्रंकवरून फक्त ३१२ जाऊ द्यायचा, बाकी सगळे बाद. एंटर मारला आणि प्रॉम्प्ट परत आलाच नाही, कारण मॅनेजमेंट व्हीलॅन त्याच ट्रंकवर होता. आधी वाटलं माझा लॅपटॉप हँग झाला. मग समोरच्या टीव्हीवर एकेक गाव लाल व्हायला लागलं, सात गावं, आणि त्याच्या पाठोपाठ फोन. पॉप ४० किलोमीटरवर, बाहेर धो धो पाऊस, गेलो बाईकवरून, कन्सोल केबल लावली, दहा सेकंदांचं काम. जाऊन यायला अडीच तास. आमचे सिनियर एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आलो तर माझ्या मॉनिटरच्या कडेला पिवळी चिठ्ठी चिकटवलेली, त्यावर एकच शब्द, 'ॲड?'. ती चिठ्ठी अजून आहे, गोंद तीनदा बदललाय.

तर उपाय. सिस्कोच्या छोट्या डब्यावर रिस्की काम सुरू करायच्या आधी 'रिलोड इन १०' मारा, आणि राईट मेमरी (कॉन्फिग सेव्ह) अजिबात करू नका. बाहेर पडलात तर दहा मिनिटांनी डबा रिबूट होऊन जुन्या कॉन्फिगवर येतो. काम नीट झालं तर 'रिलोड कॅन्सल' मारायचं, हे विसरणारे महाभाग पण आहेत, सगळं छान चालू झालं म्हणून चहाला जातात आणि इकडे चाललेला स्विच स्वतःहून झोपतो. ज्युनिपरवर ह्यापेक्षा सोय चांगली, 'कमिट कन्फर्म्ड' मारलं की दहा मिनिटांत परत 'कमिट' नाही केलं तर तो आपला आपण जुन्या कॉन्फिगवर जातो, रिबूट नाही काही नाही. मायक्रोटिकला सेफ मोड आहे, कंट्रोल दाबून एक्स, सेशन तुटलं की केलेले बदल मागे. मोठ्या चेसिसवर रिलोडच्या फंदात पडू नका, पाव तास बूट व्हायलाच लागतो, तिथं रिव्हर्ट टायमर लावून काम करा.

ह्या सगळ्याच्या वर आऊट ऑफ बँड. महत्त्वाच्या पॉपवर ४जी सिमचा एक छोटा राउटर आणि त्याला कन्सोल, म्हणजे आपलं नेटवर्क पूर्ण मेलं तरी दुसऱ्याच्या नेटवर्कवरून आत शिरता येतं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सहा तासांच्या आसपास बंद होतं ते आठवतं का, तिथं बॅकबोनवर मारलेल्या एका कमांडनं त्यांची सगळी डेटा सेंटर एकमेकांपासून तुटली, चुकीची कमांड अडवणाऱ्या टूलमध्येच बग होता, आणि मग त्यांच्या डीएनएस सर्व्हरनी स्वतःचे बीजीपी रूट काढून घेतले. रिमोटनं आत जायचे नेहमीचे रस्ते त्याच नेटवर्कवर, त्यामुळे माणसं प्रत्यक्ष पाठवावी लागली. एवढ्या मोठ्यांचं असं होतं. आणि हो, त्या सिमचं रिचार्ज कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, आमचं एकदा गरजेच्या दिवशीच संपलेलं निघालं.

प्र. ओएसपीएफ बरं का आयएस-आयएस?

दोन्ही आयजीपी, म्हणजे आपल्याच राउटरांनी आपसात रस्ते ठरवायचे प्रोटोकॉल, तुमच्याकडं जे चालू आहे ते बरं. चेष्टा नाही, तीस-चाळीस राउटरच्या नेटवर्कला काही फरक पडत नाही. मोठे प्रोव्हायडर पहिल्यापासून आयएस-आयएसकडं झुकलेले, तो आयपीवर न चालता थेट लेअर टूवर चालतो त्यामुळे बाहेरून कुणी पॅकेट मारून त्याला छेडणं अवघड, आणि व्ही४ व्ही६ दोन्ही एकातच. ओएसपीएफ माणसांना जास्त येतो, रात्री मदत मागायला माणूस मिळतो. फक्त एक नियम पाळा, आयजीपीमध्ये लूपबॅक (राउटरचा स्वतःचा पत्ता) आणि कोअरचे लिंक एवढंच ठेवा, ग्राहकांचे रूट सगळे बीजीपीत. ग्राहकांचे रूट ओएसपीएफमध्ये ओतलेले असले की एका गावातला लिंक फ्लॅप झाला तरी पूर्ण जिल्ह्याचे राउटर हिशेब करत बसतात.

प्र. ओएसपीएफ एक्सस्टार्टमध्येच (शेजारच्या राउटरशी ओळख व्हायच्या मधल्या पायरीवर) अडकून बसलाय.

एमटीयू, म्हणजे लिंकवर मावणाऱ्या पॅकेटची कमाल साईज. दहात नऊ वेळा एमटीयू. दोन कंपन्यांचे डबे जोडलेत ना? काही जण एमटीयूत इथरनेटचा १४ बाईटचा हेडर धरतात, काही धरत नाहीत, त्यामुळे आयओएसवर ९००० लिहिलं तर समोरच्या आयओएस-एक्सआरवर किंवा ज्युनिपरवर ९०१४ लिहावं लागतं. दोन्हीकडं ९००० लिहून "सर सेमच आहे" म्हणू नका.

प्र. ग्राहक म्हणतो व्हॉट्सॲप चालतं, यूट्यूब चालतं, पण ठरावीक साईट नुसती गोल गोल फिरते.

हे पण एमटीयूच, म्हणून लागूनच लिहितो. पीपीपीओई ८ बाईट खातं, म्हणजे ग्राहकाला १५०० मधले १४९२ उरतात. मोठं पॅकेट आलं की मधल्या राउटरनं सांगायला पाहिजे की मावत नाही, बारीक करून पाठव, पण हा निरोप आयसीएमपीतून जातो आणि कुणीतरी शहाण्यानं फायरवॉलवर सगळं आयसीएमपी बंद करून ठेवलेलं असतं. मग समोरचा सर्व्हर तेच जाडं पॅकेट परत परत पाठवत बसतो आणि ग्राहकाला कोरं पान. छोटे पॅकेट वापरणारी ॲप चालतात, त्यामुळे ग्राहकाचं म्हणणं खोटं वाटतं आणि आपलं पोरगं त्याला "तुमचा मोबाईल बघा" सांगून फोन ठेवतं. बीएनजीवर टीसीपी एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल साईज) १४५२ ला क्लॅम्प करा, म्हणजे १४९२ मधून आयपी आणि टीसीपीचे २०-२० गेले. तपासायला विंडोजवरून फ्रॅगमेंट न करता पिंग मारा, साईज १४६४, कारण तिथं आयपी-आयसीएमपीचे २८ वेगळे लागतात. सिस्को आयओएसवर मात्र साईज म्हणजे आख्खं पॅकेट, तिथं सरळ १४९२. हा फरक माहीत नसल्यानं दोन इंजिनिअर तासभर भांडलेले मी ऐकलेत.

कोअरमध्ये तर कंजुषी करूच नका. क्यू-इन-क्यूचा (व्हीलॅनच्या टॅगवर टॅगचा) एकेक टॅग ४ बाईट, एमपीएलएसचं (लेबल बघून पॅकेट ढकलायच्या पद्धतीचं) एकेक लेबल ४ बाईट, वर कुणी लेअर टू व्हीपीएन घेतलं तर त्याचा आख्खा इथरनेट हेडर आत. सगळे कोअर लिंक ९००० च्या वर ठेवा आणि विसरून जा, पण लीज्ड लिंक असेल तर देणाऱ्याला लेखी विचारा तो किती सोडतो, तोंडी सगळे "जम्बो सपोर्ट आहे" म्हणतात.

प्र. व्हीलॅन ४०९४ च का? संपले तर?

टॅगमध्ये नंबरला १२ बिट आहेत, ४०९६ होतात, पहिला आणि शेवटचा राखीव. प्रत्येक ग्राहकाला वेगळा व्हीलॅन द्यायचा म्हटलं तर एका तालुक्यात संपतील, म्हणून टॅगवर टॅग, क्यू-इन-क्यू. बाहेरचा टॅग ओएलटीचा, आतला ग्राहकाचा. पाकिटात पाकीट समजा.

प्र. स्विचमध्ये लूप झाला तर एवढा हाहाकार का होतो?

आयपी पॅकेटला टीटीएल (किती राउटर ओलांडायचे त्याची मर्यादा) असतो, फिरत राहिलं तरी कधीतरी मरतं. इथरनेट फ्रेमला तसं काही नाही, ब्रॉडकास्ट फ्रेम रिंगणात सापडली की फिरतच राहते आणि प्रत्येक फेरीत तिच्या आणखी कॉप्या होतात. दोन-चार सेकंदात लिंक भरतात, मॅक टेबल भेलकांडतं, आणि ते लेअर टू जेवढं पसरलेलं असेल तेवढी गावं जातात.

एका गावात आमचा पॉप एका केबलवाल्याच्या दुकानात होता. एक दिवस अर्धा तालुका डाऊन. शोधत शोधत तिथपर्यंत पोचलो तर एका पॅच कॉर्डची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये. दुकानातल्या पोराला विचारलं हे काय, तर म्हणाला, "लोंबत होती दादा, कुणाच्या पायात येईल म्हणून लावून टाकली." आता ह्याला काय बोलणार, बिचाऱ्यानं आवराआवर केली होती.

तर ॲक्सेसच्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड (समोरून स्विचचा निरोप आला की पोर्ट बंद), स्टॉर्म कंट्रोल (ब्रॉडकास्टवर मर्यादा), आणि मॅकची लिमिट, तिन्ही पाहिजेत. रिंगमध्ये साधं एसटीपी (लूप तोडणारा जुना प्रोटोकॉल) ठेवू नका, आरएसटीपी (त्याचा जलद अवतार) तरी, नाहीतर ईआरपीएस, तो ५० मिलीसेकंदात रिंग वळवण्यासाठीच बनवलाय. रूट ब्रिज (एसटीपीतला मुख्य स्विच) कोण ते स्वतः ठरवा, प्रायॉरिटी सगळ्यांची ३२७६८ ठेवलीत तर ज्याचा मॅक लहान तो राजा, आणि लहान मॅक बहुतेक वेळा सगळ्यात जुन्या खटारा स्विचचाच निघतो.

प्र. दोन १० जी लिंक एकत्र बांधल्या, तरी एकच भरते आणि दुसरी रिकामी?

एलएसीपी (लिंक एकत्र बांधायची पद्धत) पॅकेट वाटत नाही, फ्लो (एका संवादाची सगळी पॅकेट) वाटतो. हॅश (कुठला फ्लो कुठल्या लिंकवर ते ठरवणारं गणित) फक्त मॅकवर ठेवला असेल आणि दोन्हीकडं एकेकच राउटर असेल तर सगळा ट्रॅफिक एकाच लिंकवर जाणार. आयपी आणि पोर्ट हॅशमध्ये घ्या. पीपीपीओई मधे असेल तर काही स्विचना आतला आयपी दिसतच नाही, तिथं मॉडेल बदलणं हाच उपाय, मी दोन आठवडे घालवून हे शिकलो.

प्र. बीजीपीला फिल्टर लावायचेच का? आपण छोटे, आपल्याला कोण विचारतं?

फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तान टेलिकॉमला आपल्या देशात यूट्यूब बंद करायचं होतं. त्यांनी यूट्यूबच्या २०८.६५.१५३.०/२४ चा रूट आतल्या आत कचऱ्यात टाकला, इथपर्यंत ठीक, पण तो रूट बीजीपीतून बाहेर पण गेला. यूट्यूब स्वतः /२२ सांगत होतं, आणि राउटरचा नियम असा की जास्त नेमका रूट, म्हणजे तिरक्या रेघेपुढचा आकडा मोठा असलेला, जिंकतो, तिथं खरा मालक कोण वगैरे काही बघत नाहीत. वरच्या अपस्ट्रीमनं फिल्टर लावला नव्हता, त्यामुळे जगातला यूट्यूबचा ट्रॅफिक दोनेक तास तिकडं जाऊन पडत राहिला. बंद स्वतःच्या देशात करायचं होतं, झालं सगळ्यांचं.

आपल्या पोराचं एक टायपो तेवढं लांब जायला काही अवघड नाही. आपण बाहेर काय सांगतो त्याची प्रीफिक्स लिस्ट (आयपीच्या गटांची यादी), फक्त आपले आणि आपल्या ग्राहकांचे. बीजीपी घेणाऱ्या ग्राहकाकडून आत काय घेतो त्याचीही लिस्ट, शिवाय मॅक्स प्रीफिक्स (जास्तीत जास्त किती रूट घ्यायचे ती लिमिट). दोन अपस्ट्रीम असतील आणि बाहेरचा फिल्टर नसेल तर एकाचे रूट दुसऱ्याला सांगून तुम्ही नकळत त्या दोन हत्तींच्या मधला पूल बनता, आणि आपली १० जीची लिंक त्यांच्या ट्रॅफिकखाली चेंगरते. आरएफसी ८२१२ ह्या इंटरनेटच्या नियमपत्रानुसार पॉलिसी लिहिलेली नसेल तर ईबीजीपीवर (दुसऱ्या नेटवर्कशी असलेल्या बीजीपीवर) काही घ्यायचंही नाही आणि द्यायचंही नाही, पण सगळे डबे असं वागत नाहीत, त्यामुळे भरवसा ठेवू नका. आधी पॉलिसी, मग नेबर.

आरपीकेआय (कुठला रूट कुणाचा ह्याचा डिजिटल पुरावा) पण करून टाका, आयआरआयएनएनकडून (भारतात आयपी वाटणाऱ्या संस्थेकडून) आयपी घेतलेत ना, तिथंच आरओए (तसे दाखले) बनवता येतात. फक्त मॅक्स लेंथ (किती बारीक तुकड्यापर्यंत परवानगी) खिरापतीसारखी वाढवून ठेवू नका. /२२ सांगत असाल तर २२ च, नाहीतर तुमच्या /२४ ची नक्कल करणाऱ्याला तुम्हीच पास काढून दिला असं होतं.

प्र. मॅक्स प्रीफिक्स किती ठेवायचा?

नेहमी येतात त्याच्या दीडपट, आणि ८० टक्क्यांना वॉर्निंग. डोकं न लावता डिफॉल्टवर सोडू नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियात ऑप्टसचं नेटवर्क दिवसभराचं लोळलं, बाहेरून अचानक जास्त रूट आले, त्यांच्या ९० च्या आसपास राउटरांनी लिमिट ओलांडली म्हणून स्वतःला नेटवर्कपासून तोडून घेतलं. सेफ्टीच गळ्यात आली. लिमिट ओलांडल्यावर नक्की काय होणार, सेशन पडणार का नुसता लॉग येणार, ते आधी लॅबमध्ये बघून ठेवा.

प्र. एसएफपी (फायबर जोडायचं मॉड्यूल) लावला, दोन्हीकडं लाईट आहे, लिंक येत नाही.

आधी कुठली लाईट ते सांगा. पॉपवरून फोन येतो "सर लाईट नाय", आता ही एमएसईबीची का फायबरची हे विचारल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

फायबरची असेल तर डबा स्वतः सांगतो किती डीबीएम (उजेडाची ताकद) येतंय. १० जीचा एलआर मॉड्यूल उणे १४ च्या आसपासपर्यंत झेपवतो, तुमच्याकडं उणे १३ दिसत असेल तर आज चालेल आणि पहिल्या पावसात जॉईंटमध्ये पाणी गेलं की पडेल, आत्ताच माणूस पाठवा. तीन डीबी कमी म्हणजे उजेड निम्मा, हे डोक्यात पक्कं ठेवा. एकाच फायबरवर चालणारे बायडाय मॉड्यूल असतील तर एका बाजूला १२७० नॅनोमीटरचा आणि दुसरीकडं १३३० चा लागतो, दोन्हीकडं सारखाच लावला तर जन्मात लिंक येणार नाही, आणि बॉक्सवरचं लेबल पावसानं पुसलेलं असतं तेव्हा हमखास हेच होतं.

उलटी चूक महाग पडते. ८० किलोमीटरचा झेडआर मॉड्यूल टेबलावर दोन मीटरच्या पॅच कॉर्डनं टेस्ट करायला घेतला एकानं. तो शून्य ते अधिक चार डीबीएमनं फेकतो आणि रिसिव्हरला उणे सातच्या वर सहन होत नाही. दोन्ही मॉड्यूल गेले. अटेन्युएटर दोनशे-तीनशेला मिळतो हो. आणि फायबरच्या टोकात डोळा घालून "लाईट येते का" बघू नका, हा उजेड डोळ्याला दिसत नाही पण डोळ्याचं वाटोळं करतो.

प्र. सीजीनॅटचे लॉग एवढे का जपायचे?

पोलिसांचं पत्र येतं म्हणून. आयपीव्ही४ पुरत नाहीत, आपण ग्राहकांना १००.६४.०.०/१० मधले आयपी देतो आणि एका पब्लिक आयपीमागं कितीतरी घरं बसवतो, हेच सीजीनॅट. १०२४ च्या वरचे पोर्ट ६४,५१२, ग्राहकाला १००८ चा ब्लॉक दिला तर एका आयपीवर बरोबर ६४ घरं. पत्रात नुसता आयपी आणि वेळ असेल, सोर्स पोर्ट नसेल, तर ६४ घरांपैकी कुठलं ते सांगताच येत नाही, तसं नम्रपणे कळवून पोर्ट मागायचा. आणि इथं परत एनटीपी, घड्याळ पाच मिनिटं पुढं असेल तर आपण भलत्याच माणसाच्या दारात पोलीस पाठवतो. डिसेंबर २०२१ मध्ये लायसन्सच्या अटी बदलल्या तेव्हापासून हे रेकॉर्ड किमान दोन वर्षं ठेवायचेत, त्यामुळे पोर्ट ब्लॉक पद्धतच वापरा, प्रत्येक कनेक्शनची ओळ लिहीत बसलात तर डिस्क पुरणार नाहीत.

प्र. चालतंय तर अपग्रेड कशाला करायचं?

हे वाक्य मी पण म्हणायचो. २०१८ मध्ये मायक्रोटिकच्या विनबॉक्समधलं (राउटर कॉन्फिग करायच्या त्यांच्या सोयीतलं) भोक सापडलं, पासवर्ड न देता युजरची फाईल उचलता यायची. एप्रिलमध्ये पॅच आला होता. ऑगस्ट उजाडला तरी लाखांनी राउटर तसेच उघडे, आणि त्यांच्यातून लोकांच्या ब्राऊजरमध्ये कॉईन मायनिंग घुसवलं जात होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिस्को आयओएस-एक्सईच्या वेब पेजमधून हजारो डब्यांवर परके ॲडमिन युजर बनले. दोन्हीकडं मॅनेजमेंट पब्लिकला उघडं नसतं तर बाहेरून कुणाला हात घालता आला नसता. म्हणून क्रम असा, आधी दारं बंद, मग अपग्रेड, आणि अपग्रेड रात्री एक ते चारमध्ये, सणाच्या आणि मॅचच्या दिवशी नाही. नवीन इमेजबरोबर (डब्याच्या सॉफ्टवेअरबरोबर) जुनी इमेज फ्लॅशमध्ये तशीच ठेवा.

प्र. ऑटोमेशन शिकू का? पायथन येत नाही.

पहिलं ऑटोमेशन म्हणजे बॅकअप. ऑक्सिडाईज्ड किंवा रॅन्सिड लावा, रोज सगळ्यांचं कॉन्फिग ओढतं आणि कालच्यापेक्षा काय बदललं ते मेलवर पाठवतं. सकाळी चहा घेता घेता तो मेल वाचायचा, रात्री कुणी काय करून ठेवलंय ते न विचारता कळतं. पुढं नेटमिको, ॲन्सिबल शिका, पण चाळीस डब्यांवर एकदम चालणारी स्क्रिप्ट आधी एकावर, मग तीनवर, मग उरलेल्यांवर. हातानं चुकलात तर एक गाव जातं, स्क्रिप्टनं चुकलात तर जिल्हा. प्रॅक्टिसला जीएनएस३ किंवा ईव्ह-एनजी (लॅपटॉपवरच्या लॅब) घ्या, एफआरआर (सॉफ्टवेअरमधला राउटर) तर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर दहा राउटर उभे राहतात. डिस्ट्रिब्यूट लिस्ट (रूटचा फिल्टर) उलटी लावायची हौस तिथं फिटवा.

प्र. फील्डला जाताना बॅगेत काय ठेवू?

कन्सोल केबल आणि यूएसबीचा अडॅप्टर, ड्रायव्हर घरूनच टाकून, कारण पॉपवर नेट नसतं म्हणूनच तर आपण गेलोय. स्पीड डब्याप्रमाणे, बरेच ९६०० वर बोलतात, मायक्रोटिक ११५२००. पॉवर मीटर, फायबर साफ करायचा पेन, अर्ध्या तक्रारी नुसत्या पुसून जातात. एलआरची जोडी, बायडायची जोडी, दोन पॅच कॉर्ड, डोक्याला लावायची टॉर्च, मार्कर, आणि ज्या डब्यावर जाताय त्याच्या कॉन्फिगची कॉपी लॅपटॉपवर.

आणि पॉपची चावी. आषाढात एकदा ओएलटीचा पॉवर सप्लाय गेला, स्पेअर घेऊन तासाभरात पोचलो पण, आणि दाराला कुलूप. चावी घरमालकाकडे, आणि घरमालक वारीत, फोन लावला तर मागून टाळ-मृदंगाचा आवाज, म्हणाले आत्ताच जेजुरी सोडली. चावी कुठंय विचारलं तर म्हणाले, करदोट्याला.